कान्हेरीचा वर्षावास

सह्याद्रीच्या रानांत थोडाबहुत हिंडलेल्या मनुष्यास कारवी ठाऊक नाहीं असें सहसा होत नाहीं. डोंगराच्या उतारावर पुरुषभर, कोठें कोठें त्याच्याही दुप्पट उंच वाढणारें हें झुडूप इतकें दाट असतें कीं, त्यांतून वाट काढणारास दोन्ही हात पुढें करून पोहल्यासारखें चालावें लागतें. घाटावर काय आणि कोंकणांत काय, गरिबांच्या घरांच्या कुडाच्या भिंती पुष्कळदां हिच्याच काठ्यांच्या. पानें मोठीं, खरखरीत, कडेस बारीक दांते असलेलीं. पावसाळा सरला कीं तीं वाळून जातात, नुसत्या गांठाळ काठ्या उरतात, आणि उन्हाळ्यांत सारा उतार वणव्यांत सांपडल्यासारखा दिसतो. अशी ही रोजच्या परिचयाची वनस्पति. परंतु हिचें फूल पाहिलें आहे काय, असें विचारलें तर भल्याभल्या रानहिंड्यांसही आठवावें लागेल. कारण कारवी दरवर्षीं फुलतच नाहीं. सात-आठ वर्षें ती नुसती वाढते. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस डोंगरचे डोंगर एकदम फुलतात, बीं धरतें, आणि फुललेलें प्रत्येक झुडूप मरून जातें. जन्मांत एकदांच फुलावयाचें, आणि तेंही शेजारच्या साऱ्या भावंडांबरोबर, हा तिचा नेम.

हा नेम निरनिराळ्या डोंगरांवर निरनिराळा आहे. पुष्कळ ठिकाणीं तो सात वर्षांचा; मुंबईलगतच्या बोरिवलीच्या रानांत आठ वर्षांचा. तेथें २००८ सालीं कारवी फुलली, त्यानंतर २०१६ सालीं, आणि त्यानंतर २०२४ सालीं. हिचीच बहीण जी केरळांतील मुन्नारची नीलकुरिंजी, तिचा फेरा बारा वर्षांचा. ती २००६ व २०१८ सालीं फुलली, आणि तिची पुढची पाळी २०३० ची. इतक्या वर्षांनीं आणि सर्वांनीं एकाच वेळीं फुलण्यांत हेतु काय असावा? बांबूसंबंधानें हाच प्रश्न डॅनियल जॅन्झेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७६ सालीं हातीं घेतला होता, आणि त्याचें उत्तर मोठें व्यवहारी आहे. दरवर्षीं थोडें थोडें बीं आलें असतें तर उंदीर, पांखरें व किडे यांनीं त्याचा फन्ना उडविला असता. तेव्हां पुष्कळ वर्षें कांहींच द्यावयाचें नाहीं, आणि मग एकदम इतकें द्यावयाचें कीं, खाणारांचीं पोटें भरूनही बीं उरावें. आमच्या काकूंस हें सांगितलें तेव्हां त्या म्हणाल्या, "मग यांत नवल तें काय? मुंजीच्या जेवणाला आपण हेंच करतों."

आमच्या घरीं ही कारवी पंचांगांत नोंदलेली होती. वडिलांस झाडांचें वेड होतें असें म्हणणें तितकेंसें बरोबर नाहीं. त्यांस नोंदींचें वेड होतें, आणि झाडें नोंद ठेवण्यासारखीं वागतात म्हणून तीं त्यांस आवडत. अंगणांतला प्राजक्त प्रथम केव्हां फुलला, आंब्यास मोहोर कोणत्या तिथीस दिसला, समोरच्या रस्त्यावरचा बहावा झुलूं लागला तो दिवस कोणता, हें सारें ते पंचांगाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर बारीक अक्षरांत लिहीत. २०१६ सालीं ते व त्यांच्या धाकट्या भगिनी, म्हणजे आमच्या आत्याबाई, अशीं दोघेंच कान्हेरीस जाऊन कारवी पाहून आलीं. परत आल्यावर वडिलांनीं त्या पानावर लिहिलें : पुढची कारवी, २०२४. आणि मग दरवर्षीं गुढीपाडव्यास नवें पंचांग आलें कीं, ही एक ओळ ते जुन्यावरून नव्यावर उतरून काढीत. २०२१ सालीं ते गेले. पुढच्या पाडव्यास पंचांग आणलें तेव्हां, पूजा झाल्यावर आत्याबाईंनीं चष्मा मागितला आणि कोणाशीं कांहीं न बोलतां ती ओळ स्वतःच्या हातानें उतरली. त्यानंतरच्या दोन पाडव्यांसही त्यांनींच ती उतरली. शेवटच्या खेपेस हात कांपत होता. अक्षर वाकडें आलें आहे, पण आंकडा स्वच्छ आहे.

२०२४ च्या सप्टेंबरांत बोरिवलीस कारवी फुलल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येऊं लागल्या. पितृपंधरवडा चालू होता. वडिलांचें श्राद्ध झालें, आणि दुसऱ्याच दिवशीं आत्याबाईंनीं कान्हेरीचा विषय काढला. पक्षांत सहलीस जावें कीं न जावें याबद्दल घरांत दोन तट पडले. थोरल्या वहिनी म्हणाल्या, "आत्याबाई, पंधरवडा संपूं द्या. घट बसले कीं जाऊं." त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "अगं, ती काय आपल्या घटांसाठीं थांबणार आहे? आणि मी सहलीला जात नाहीं. दादाचें राहिलेलें काम आहे तें." यावर कोणीं काय बोलावें! आम्ही मोठीं पांच माणसें व तीन मुलें असे निघालों.

बोरिवलीच्या स्टेशनावरून पूर्वेस वळलें कीं थोड्याच वेळांत उद्यानाचें फाटक लागतें. १९९६ पासून यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असें नांव आहे. सोमवारीं तें बंद असतें, हें जाऊं इच्छिणारांनीं ध्यानांत ठेवावें. एवढ्या अफाट शहराच्या कुशींत सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें रान अजून उभें आहे, त्यांत बिबटे नांदतात, आणि विहार व तुळशी हे दोन तलाव त्याच्या पोटांत आहेत. मुंबईस नळाचें पाणी प्रथम मिळालें तें १८६० सालीं या विहार तलावाचें. तुळशीचा तलाव १८७९ चा. मुंबईकर जें पाणी पितो त्यांतलें कांहीं या झाडांच्या मुळांवरून झिरपून येतें. परंतु नळाची तोटी फिरवितांना ही गोष्ट कोणाच्या मनांत येते असें दिसत नाहीं.

फाटकापासून कान्हेरीपर्यंतचा रस्ता सुमारें सहा किलोमीटरांचा असून त्यापुरती मोटर मिळते. दोन्ही बाजूंस साग होता, आणि त्याच्या शेंड्यांवर पांढरट फुलोऱ्याचे तुरे होते. सागास फूल येतें, हेंच आमच्या मुलांस ठाऊक नव्हतें. उतरल्यावर वाटेंत पडलेलें एक कोंवळें पान धाकट्यानें तळहातावर चोळलें आणि हात लाल झालेला पाहून तो घाबरला. तें पाहून आत्याबाई त्या दिवशीं पहिल्यानें हंसल्या. बांधाच्या कडेनें तेरडा फुलला होता. त्याची पिकलेली शेंग बोटांत धरतांच ती टचकन् उलगडून बीं उडतें, हा खेळ मुलांस इतका आवडला कीं, त्यांस पुढें चालविणें कठीण होऊं लागलें. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण त्यांस सांगितली. आणि आपण आतां जिला पाहावयास चाललों आहों तिचा रंग आठ वर्षांनीं येतो, हेंही सांगितलें. त्यावर थोरल्या मुलीनें विचारलें, "मग सात वर्षें ती काय करते?" आम्हांपैकीं कोणीं उत्तर देण्याच्या आंत आत्याबाई म्हणाल्या, "तेंच तर पाहायला आलों आहों."

लेण्यांच्या पायऱ्या चढून वरच्या अंगास गेलें कीं कारवी दिसूं लागते. प्रथम एखादें दुसरें झुडूप. मग वळणापलीकडे एकदम सारा उतार. दुरून पाहतां डोंगरावर निळसर जांभळ्या धुराची पातळ झांक पसरल्यासारखी वाटते. जवळ गेल्यावर दिसतें कीं प्रत्येक फांदीच्या टोंकाशीं व पानांच्या बेचक्यांत कणसासारखे तुरे आहेत, त्यांवर लव आहे, तुरा चिकट आहे, आणि त्यास एक उग्र गोड वास आहे. कळी गुलाबीकडे झुकणारी, उमललेलें फूल जांभळें. मधमाश्यांचा असा कांहीं घोष चालला होता कीं, तो कानांस ऐकूं येण्यापूर्वीं छातींत जाणवावा. कारवीच्या मधाची कीर्ति सह्याद्रीच्या गांवोगांव कां आहे, तें येथें उभें राहिल्यावर कळतें. माश्यांस तरी हा योग पुन्हां कोठला! मधमाशीचें आयुष्य तें केवढें. या माश्यांच्या कित्येक पिढ्या कारवीचें फूल न पाहतांच गेल्या असतील.

उद्यानांत फूल तोडण्यास मनाई आहे. तरीही आत्याबाईंचा हात संवयीनें पुढें गेला, कारण सत्तर वर्षें पहांटे फुलें वेंचलेला तो हात. पण तो वाटेंतच थांबला. "देवाला नको हें," त्या म्हणाल्या, "याला एकच पाळी आहे." एवढ्या वेळांत मुलांनीं मोबाइल काढून आठ-दहा छायाचित्रें घेतलीं होतीं आणि पुढें काय, असा चेहरा करून तीं उभीं होतीं. आत्याबाईंनीं एका सपाट दगडावर चटई घालावयास सांगितली, आम्हां सर्वांस निरनिराळ्या झुडपांपाशीं बसविलें, आणि आठ वर्षांपूर्वीं भावानें घातलेला नियम सांगितला : एका झाडापाशीं एक घटका. बोलावयाचें नाहीं, उठावयाचें नाहीं, आणि मोबाइल पिशवींत.

घटका म्हणजे चोवीस मिनिटें. स्वयंपाकघरांत चोवीस मिनिटें केव्हां जातात तें समजत नाहीं. झुडपासमोर बसल्यावर तीं फार लांब होतात. पहिलीं पांच मिनिटें मन घरींच असतें. शेगडी बंद केली ना, दूध कोणी घेतलें असेल, परतीची गाडी गर्दीची मिळेल काय, असें एक एक येऊन जातें. पुढें पाय अवघडतात. त्यानंतर मनुष्य कंटाळतो, आणि हा कंटाळा फार उपयोगी आहे असें आम्हांस वाटतें. कारण मन आपल्या जवळच्या सर्व गोष्टी उगाळून मोकळें झाल्यावांचून समोरच्या पानाकडे वळत नाहीं. सुमारें अर्ध्या घटकेनंतर आम्हांस पहिल्यानें दिसलें कीं, समोरच्या तुऱ्यावर सर्व फुलें एका वयाचीं नाहींत. कांहीं त्याच दिवशींचीं, कांहीं मलूल, आणि कांहीं गळून खालच्या खरखरीत पानावर पडलेलीं, जणूं पानानें तीं झेलून ठेवलीं आहेत. एक मुंगी देंठावरून चढत होती आणि तुऱ्याच्या चिकट भागाशीं आली कीं मागें फिरत होती. असें तिनें चार वेळां केलें. एक माशी फुलांत शिरली कीं फूल तिच्या वजनानें किंचित् वांकत होतें आणि ती निघाली कीं हळूच वर येत होतें. वाऱ्याची झुळूक आली कीं उतारावरचीं सगळीं पानें एकमेकांवर घासून सुपांत धान्य पाखडल्यासारखा आवाज होई. यापलीकडे कांहीं घडलें नाहीं. तरी पण घटका संपल्याचें सांगितलें गेलें तेव्हां धाकट्याखेरीज कोणीही लगेच उठलें नाहीं.

आत्याबाईंनीं कोणतें झाड निवडलें होतें आणि काय पाहिलें, तें आम्हीं विचारलें नाहीं. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहरा प्रसन्न होता.

मग आम्ही लेण्यांत गेलों. कान्हेरी म्हणजे कृष्णगिरि, काळा डोंगर. त्या काळ्या पाषाणांत शंभराहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत आणि त्यांत कित्येक शतकें बौद्ध भिक्षु राहत असत. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह सातवाहन राजांच्या काळांतलें. त्याच्या ओसरींतील बुद्धाच्या दोन उभ्या प्रचंड मूर्ति मागाहूनच्या. पाहणारे बहुधा एवढें पाहून परत फिरतात. आम्हांस अधिक आवडलीं तीं वरच्या बाजूचीं लहान लेणीं, ज्यांत पाहावयाजोगें असें कांहीं नाहीं : एक ओसरी, एक खोली, निजावयास वा बसावयास दगडाचा ओटा, आणि बाहेर पाण्याचें टांकें. येथील शिलालेखांत अशा टांक्यास 'पोढी' असा शब्द आहे. डोंगरावरचें पाणी बारीक पन्हळी खोदून टांक्यांत उतरविलेलें आहे, आणि सप्टेंबरांत तीं टांकीं अजून भरलेलीं होतीं. लेख कोरविणारांत कल्याण, सोपारा, नाशिक, चौल येथील गृहस्थ व स्त्रिया आहेत. पावसाळ्यांत येथें राहणाऱ्या भिक्षूस वस्त्र मिळावें म्हणून कोणी शेत तोडून दिलें आहे, कोणी रक्कम कायमची ठेवली आहे. दोन हजार वर्षांपूर्वींच्या कल्याणच्या व्यापाऱ्यास पावसांत बसलेल्या मनुष्याच्या अंगावर कोरडें वस्त्र असावें अशी काळजी वाटली, ही गोष्ट आमच्या वहिनींस कोणत्याही मूर्तीपेक्षां अधिक आवडली.

भिक्षु पावसाळ्यांत एके ठिकाणीं कां राहत? चातुर्मास आपल्या घरोघर पाळला जातो, म्हणून आपणांस याचें कारण विचारावेंसें वाटत नाहीं. नद्यांना पूर, वाटांवर चिखल, एवढें आपण धरून चालतों. परंतु पाली विनयग्रंथांत दिलेलें कारण निराळें आहे आणि तें कान्हेरीच्या उतारावर बसून ऐकण्यासारखें आहे. प्रारंभीं बुद्धाचे भिक्षु बाराही महिने हिंडत. तेव्हां लोकांनीं तक्रार केली कीं, हे पावसाळ्यांतही भटकतात, हिरवें गवत तुडवितात, एकेंद्रिय जीवांस म्हणजे वनस्पतींस दुखवितात, आणि लहानसहान प्राण्यांचा नाश करितात. इतर पंथांचे साधु या दिवसांत एके जागीं राहतात, पांखरें देखील झाडांच्या शेंड्यावर घरटीं करून राहतात, मग यांनाच हिंडण्याची गरज ती काय? तक्रार बुद्धाच्या कानीं गेली आणि आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने वर्षावास करण्याचा नियम झाला. हे ग्रंथ मराठी वाचकांच्या ओळखीचे करून देण्याचें श्रेय मुख्यतः गोमंतकांत जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांजकडे जातें.

तेव्हां गवतासाठीं माणसें थांबलीं, असा हा इतिहास आहे. आतां आमचा स्वतःचा एक तर्क सांगतों, तो पटेल तर घ्यावा. गवत तुडवूं नये म्हणून जो तीन महिने थांबला, त्यास तें गवत उगवतांना, वाढतांना, फुलतांना आणि पिंवळें पडतांना दिसलें असलेंच पाहिजे. ओसरींतल्या ओट्यावर बसल्यावर समोर दुसरें होतेंच काय? पाऊस, दरी, आणि झाडें. आठ वर्षें येथेंच वर्षावास केलेल्या भिक्षूनें कारवीचा एक संपूर्ण फेरा पाहिला असेल. ध्यानास कोठें बसावें याविषयीं पाली सूत्रांत तीन जागा सांगितल्या आहेत : अरण्य, झाडाचें मूळ, किंवा रिकामें घर. कान्हेरीस या तिन्ही एकाच पायरीवर मिळतात.

हल्लीं शहरांतून मन स्थिर करण्याचे वर्ग निघाले आहेत, आणि त्या विद्येस माइंडफुलनेस असें इंग्रजी नांव प्रचारांत आहे. आम्ही त्यांची थट्टा करीत नाहीं. ज्यांस त्यांपासून झोंप येऊं लागली असेल त्यांस ती येवो. पण तो शब्द आला कोठून, हें पाहण्यासारखें आहे. ऱ्हीस डेव्हिड्स या पंडितानें १८८१ सालीं पाली सूत्रांचें भाषांतर करितांना 'सति' या शब्दासाठीं तो योजला. सति म्हणजे आपला संस्कृत स्मृति शब्द. म्हणजे मूळ शब्दांत आठवण ही आहेच. समोरचें पान नीट पाहणें आणि गेलेल्या माणसाची आठवण ठेवणें, या दोहोंस एकच शब्द असावा, याचें पितृपक्षांतल्या त्या दुपारीं आम्हांस फारसें आश्चर्य वाटलें नाहीं. आमच्या वडिलांनीं जन्मांत कधीं ध्यान केलें नाहीं. संध्येस बसले तरी त्यांचें अर्धें लक्ष प्राजक्ताकडे असे. परंतु एक ओळ वर्षानुवर्षें न चुकतां उतरून काढणारा मनुष्य, आणि कोणीही न मोजतां आठ वर्षें मोजणारें झुडूप, यांचें कांहीं नातें असावें असें वाटतें खरें.

आपल्या घरांतून ही विद्या अगदींच गेली आहे असें नाहीं. ती बायकांच्या हातीं राहिली होती. गणपतीच्या एकवीस पत्री, हरतालिकेच्या व मंगळागौरीच्या पत्री मिळवावयाच्या म्हणजे आघाडा, माका, डोरली, शमी, मरवा, हादगा यांस पानावरून ओळखतां आलें पाहिजे. आत्याबाई लहानपणीं पहांटे परसांत जाऊन हीं पानें अंधारांत नुसत्या स्पर्शानें व वासानें ओळखून आणीत. आज बाजारांत पत्रीची जुडी मिळते. तींत काय आहे तें विकणारासही ठाऊक नसतें आणि घेणारासही. देव कांहीं रागावत नाहीं. परंतु ज्या घरांत एके काळीं एकवीस झाडांची ओळख होती त्या घरांत आतां पुदिना, कोथिंबीर आणि कढीलिंब एवढींच नांवें उरावीं, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. आत्याबाईंनीं त्या वर्षापासून तिन्ही मुलांस एक एक झाड नेमून दिलें. थोरलीस बहावा, मधल्यास शेजारच्या वाड्यांतला पिंपळ, आणि धाकट्यानें हट्ट करून अळूचें आळें घेतलें. आठवड्यांतून एक दिवस, एक घटका. मधला पळवाटा काढतो. थोरलीनें एकदां सांगितलें कीं, बहाव्याच्या शेंगा झाडावर इतके महिने लोंबत राहतात कीं, पुढचीं फुलें आलीं तरी मागच्या शेंगा असतातच. हें ती कोणत्या पुस्तकांत वाचून आली नव्हती.

कान्हेरीहून परतल्यावर आम्हीं पंचांग पुढें केलें होतें, कीं आत्याबाईंनीं पुढचें साल लिहावें. त्या म्हणाल्या, "अजून बीं पडलें नाहीं. पडूं दे." कारवीचें फळ फुलांमागोमाग धरतें, पण तें उन्हाळाभर झुडपावर वाळत राहतें आणि पुढच्या वर्षींच्या पहिल्या पावसांत ओलावा लागतांच तडकन् फुटून बीं उडवितें. तेव्हां काम पुरें व्हावयास एक पावसाळा अजून पाहिजे होता.

२०२५ सालीं मुंबईस मोसमी पाऊस २६ मे रोजींच येऊन ठेपला, नेहमींपेक्षां पुष्कळ लवकर. जून उजाडल्यावर एका रविवारीं आम्ही पुन्हां निघालों. आत्याबाईंस मात्र नेतां आलें नाहीं. हिवाळ्यांत गुडघा धरला तो सुटलाच नाहीं. पायऱ्या चढणें वैद्यांनीं वर्ज्य सांगितलें आहे. निघतांना त्यांनीं आम्हांस एवढेंच बजाविलें कीं, गडबडीनें परत येऊं नका.

उतार ओळखूं येत नव्हता. जेथें जांभळी झांक होती तेथें करड्या, मेलेल्या काठ्यांचें रान उभें होतें, पाऊस त्यांवरून निथळत होता, आणि प्रथमदर्शनीं सारें उजाड वाटलें. तेवढ्यांत मधल्यानें हात वर केला. टक्. थोड्या वेळानें पलीकडे पुन्हां टक्. मग दोन-तीन एकदम. पावसाची सर थांबली कीं आवाज स्पष्ट ऐकूं येत. कोणी कोरड्या लाह्या फोडीत आहे असें वाटे. मुलांस तेरड्याच्या शेंगांची आठवण झाली. पण येथें बोट लावावयास कोणी नव्हतें, पाऊसच तें काम करीत होता. आम्ही छत्र्या उघडून आपापल्या जागीं बसलों, आणि यावेळीं कोणास सांगावें लागलें नाहीं. घटका संपतां संपतां थोरलीनें खालीं बोट दाखविलें. मेलेल्या काठीच्या बुडाशीं, कुजत्या पानांमधून, दोन दोन पानांचीं इवलालीं रोपें वर आलीं होतीं. एका हातभर जागेंत तिनें चाळीसपर्यंत मोजलीं आणि मग सोडून दिलें. तीं कारवीचीं कीं दुसऱ्या कशाचीं, असा वाद मधल्यानें काढला. पण त्यांतल्या जरा मोठ्या रोपांस दोन नवीं पानें फुटलीं होतीं, आणि त्यांच्या कडेस ते बारीक दांते होते.

त्या दिवशीं मोबाइल पिशवींतून काढण्यास आम्हींच परवानगी दिली. मुलीनें तो एका काठीपाशीं धरून दहा मिनिटें आवाज टिपून घेतला.

घरीं आल्यावर आत्याबाई खिडकीशीं खुर्चीवर होत्या. मुलीनें तो त्यांच्या कानाशीं धरला. त्यांनीं डोळे मिटले. पावसाचा आवाज, मध्येंच धाकट्याची शिंक, आणि टक्, टक्. सबंध दहा मिनिटें त्यांनीं तें ऐकलें, आणि मग विचारलें, "बसला होतां कीं नाहीं घटकाभर?" मुलांनीं हो म्हटलें. तेव्हां त्यांनीं पंचांग मागितलें आणि तें स्वतः न उघडतां लेखणीसकट थोरलीच्या हातांत दिलें.

मुलीनें कोरें पान काढलें; लिहिण्यापूर्वीं ती बोटांवर मोजूं लागली. "म्हणजे २०३२. तेव्हां मी वीस वर्षांची असेन. दादा अठरा, छोटू पंधरा, आणि आत्याआजी, तूं..."

"माझें गणित नको मांडूस," आत्याबाई म्हणाल्या. "कारवीचें मांड. आणि अक्षर जरा मोठें काढ, दरवर्षीं उतरायचें आहे."